ठासणीच्या बंदुकीची पिशवी शोभेची नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या हत्यारांवरचा लेख वाचला. लेख मन लावून लिहिला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटच्या चौकटीत ठासणीच्या बंदुकीबरोबर वापरायच्या कातडी पिशवीचा फोटो देऊन खाली 'शिकाऱ्याची शोभेची झोळी' असं छापलंय. शिवाय हौशी मंडळींना सल्ला दिलाय, की अशी पिशवी घ्यायचीच तर मोठी घ्या, कप्पे जितके जास्त तितकं बरं. हे पत्र त्या दोन ओळींसाठी.

मी गेली बारा वर्षं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत, चकमकीच्या बंदुकीने हरणाची शिकार करतो. (भारतात 1972च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. मी लिहितोय ते इथल्या रीतसर परवान्याच्या शिकारीबद्दल.) इथे नाताळ उलटला की फक्त चकमकीच्या बंदुकांचा वेगळा हंगाम लागतो. 1974 सालापासूनची ही प्रथा. गोळी तोंडाकडून ठासायची आणि ठिणगी दगडाचीच. टोपीची बंदूकसुद्धा (जिच्यात घोडा छोट्या धातूच्या टोपीवर आपटून बार पेटतो) या हंगामात चालत नाही. अठराव्या शतकात जर्मन बोलणाऱ्या कारागिरांनी लांब नळीच्या रायफली घडवल्या त्या याच लँकेस्टरच्या आसपास, त्यामुळे इथे या गोष्टीला हौसेपेक्षा थोडा जास्त मान आहे.

आतापर्यंत मी पाच पिशव्या शिवल्या. सहावी, म्हणजे खरं तर पहिली, विकत घेतली होती, आणि तिने अशी अद्दल घडवली की मी शिवायला बसलो.

ती पिशवी अगदी तुमच्या लेखकाच्या मनासारखी होती. बारा इंच रुंद, जवळजवळ तेवढीच खोल, आत चार कप्पे, खाली कातड्याची झालर आणि झाकणाला लोहचुंबकाचं बटण. 85 डॉलर मोजले होते. घरी आरशासमोर उभा राहिलो तेव्हा फार रुबाबदार दिसली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बर्फात पहाटेपासून बसलो. साडेआठच्या सुमारास पंचेचाळीस पावलांवर एक हरिणी आली. बार उडाला, धुराचा पडदा झाला आणि धूर विरला तेव्हा हरिणी तीसेक पावलं पुढे जाऊन मागे वळून बघत उभी होती. गोळी चुकली होती. ठासणीच्या बंदुकीत असं होतं. धुरामुळे आवाज कुठून आला ते जनावराला कधीकधी कळत नाही आणि ते थबकतं. दुसरा बार भरायला मिनिटभर मिळालं तर खूप.

मी झाकण उघडलं. लोहचुंबक 'टक्' वाजला. हात आत घातला तर पिशवी मांडीवर लोंबत होती, म्हणून कमरेत वाकावं लागलं. पहिल्या कप्प्यात हातरुमाल निघाला आणि दुसऱ्यात स्क्रू फिरवायची पट्टी. दारू मोजायचं माप तळाशी गेलं होतं. बोटं गारठलेली, त्यात घाई. हाताला चिंध्यांची डबी लागली, मग गोळी लागली, आणि मी चिंधीत गोळी बसवून गजाने ठासली. गज नेहमीपेक्षा खोल गेला तेव्हा पोटात खड्डा पडला. नळीत दारूच घातली नव्हती! नुसती गोळी ठासून बसलो होतो. मराठीत 'फुसका बार' म्हणतात तो निदान बार तरी असतो.

इथल्या नेमबाजांत एक बोलणं आहे, की कोरडी गोळी ठासली नाही असा माणूस एक तर नवखा असतो, नाहीतर खोटारडा. उपाय आहे. गोळी तळापर्यंत पक्की बसली आहे ना ते गजाने पाहायचं, मग नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून, म्हणजे कानातून, टाचणीने चिमूट चिमूट रंजक, म्हणजे बार पेटवायची बारीक दारू, आत सारायचं, कानाबाहेरच्या छोट्या वाटीत रंजक घालायचं आणि नळी सुरक्षित दिशेला धरून गोळी उडवून टाकायची. हे सगळं व्हायला मला दहा मिनिटं लागली. हरिणी तोवर शांतपणे निघून गेली होती.

त्या दिवशी घरी येऊन पिशवी टेबलावर ओतली आणि विचार करत बसलो. चूक माझी होती, मान्य. पण हाताला जे आधी लागतं ते माणूस आधी करतो, घाईत तर हमखास. पिशवीतल्या वस्तूंचा क्रम आणि बार भरायचा क्रम एकच हवा. दारू, चिंधी, गोळी, गज, शेवटी रंजक. पिशवी कातड्याने सुरू होत नाही, ती या पाच हालचालींपासून सुरू होते. चार कप्प्यांचा अर्थ एवढाच, की वस्तू चुकीच्या जागी जायला चार जागा.

दारूबद्दल एक गोष्ट नवख्यांनी लक्षात ठेवायलाच हवी, कारण लेखात ती निसटली आहे. दारूच्या शिंगातून, म्हणजे दारू ठेवायच्या पोकळ शिंगातून, सरळ नळीत दारू कधीही ओतायची नाही. आधीच्या बाराचं एखादं विस्तव धरलेलं कण नळीत राहिलेलं असू शकतं, आणि मग हातातलं अख्खं शिंगच पेटतं. शिंगातून मापात, शिंगाचं बूच घट्ट लावायचं आणि मग माप नळीत. माझ्या रायफलीला 70 ग्रेनचं माप पुरतं. पौंडाचे 7000 ग्रेन होतात, म्हणजे पौंडभर दारूत शंभर बार. आणि सुटी दारू पिशवीत ठेवायची नाही, म्हणजे नाहीच. ती राहते शिंगात, आणि शिंग राहतं पिशवीच्या बाहेर.

तेव्हा आता माझं माप पिशवीत नसतंच. ते एका बारीक वादीने पट्ट्याला बांधलंय, आणि वादीची लांबी अशी ठेवलीय की माप बरोबर पिशवीच्या तोंडावर लोंबतं. चिंधीकडे हात न्यायचा तर आधी माप बाजूला सारावं लागतं. सारायचं म्हणजे हातात घ्यावंच लागतं, आणि हातात आलं की दारूची आठवण होते. त्यानंतर कोरडी गोळी एकदाही ठासली गेलेली नाही. तळहाताएवढ्या वादीने जे काम केलं ते चार कप्प्यांना जमलं नाही.

आता शिवण्याबद्दल. कातड्याला रापी (चामडं कापायची सुरी) लावण्याआधी जुन्या जीन्सच्या कापडाची कच्ची पिशवी शिवा, टाके कसेही असोत. ती हिवाळ्याच्या जाड कोटावरून घाला. हे सांगतो कारण पहिली शिवलेली पिशवी मी घरात, सदऱ्यावर मोजून केली आणि जंगलात कोटावर ती काखेत येऊन बसली. कोपर सहज वाकवलं की हात जिथे पोचतो तिथे पिशवीचं तोंड यायला हवं. त्याहून खाली गेली की चालताना मांडीवर आपटते, वर गेली की बंदूक खांद्याला लावताना कोपराला अडते. कच्च्या पिशवीत खऱ्या वस्तू घाला, गोळ्यासुद्धा, आणि अंगणात रिकाम्या बंदुकीवर, दारू न घेता, बार भरायची नुसती तालीम करा. डोळे मिटून वीस वेळा. जी वस्तू वीस वेळांत एकदाही लागली नाही ती घरी ठेवा. माझी अशी सात वस्तूंची गठडी निघाली, त्यात होकायंत्र दोन होते. का, ते मला विचारू नका.

या तालमीतून माझी पिशवी साडेसात इंच रुंद आणि आठ इंच खोल ठरली. खाली थोडी गोलाई, बाजूला दीड इंचाची पट्टी, म्हणजे हात आत गेल्यावर तोंड उघडं राहतं. इथल्या संग्रहालयांत जुन्या पिशव्या पाहिल्या तर त्या अशाच लहान दिसतात. कुठे जुन्या बुटाचं कातडं वापरलंय, कुठे ठिगळ आहे, कुठे पट्ट्याऐवजी विणलेली पट्टी. ज्याला त्याच बंदुकीवर घर चालवायचं होतं त्याने मोठी झोळी बाळगलेली मला तरी दिसली नाही.

चामडं झाडाच्या सालीत कमावलेलं घ्या, क्रोममध्ये कमावलेलं नको. क्रोमचं मऊ असतं, पण कडा तासता येत नाहीत आणि ते हाताने घडवलं तसं राहत नाही. सालीचं चामडं ओलं करून मुठीने आकार दिला की वाळल्यावर तोच आकार धरतं. जाडी इथे औंसात सांगतात, एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्ठावा भाग. अंगासाठी चार औंस पुरे, पट्ट्यासाठी सहा ते सात. माझी विकतची पिशवी आठ औंसाची होती, रिकामीच जड. काळा रंग हवा असेल तर रंगाची बाटली घेऊ नका. व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस आठवडाभर बुडवून ठेवा. ते पाणी सालीच्या चामड्यावर फिरवलं की सालीतल्या द्रव्याशी लोखंड मिळतं आणि चामडं डोळ्यांदेखत राखाडी, मग निळसर, मग काळं होत जातं. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं आणि तेल द्यायचं. हा रंग बोटांना लागत नाही, पावसात उतरत नाही.

मला चामडं मिळतं ते घोड्यांचा साज शिवणाऱ्या एका आमिश कारागिराकडून, त्याच्या कतरणीच्या पेटीतून. (आमिश म्हणजे मोटारी न वापरता जुन्या पद्धतीने राहणारा इथला ख्रिस्ती पंथ.) इथे घोडागाड्या अजून रोज रस्त्यावर असतात, त्यामुळे असे कारागीर टिकून आहेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याच्या बाकाजवळ गुडघ्यांत धरायचा लाकडी चिमटा होता, त्यात अर्धवट शिवलेला लगाम. मी न राहवून विचारलं, बघू का? दोन सुयांचा टाका होता, एका छिद्रातून दोन्हीकडून दोन सुया, मधे भोक पाडायची आरी. मी चार टाके घातले. तो काही बोलला नाही, त्याने पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं.

संपादक महाराज, इथे थोडं विषयांतर करतो. माझे वडील चांभारकाम करायचे. दोऱ्याला मेण कसं लावायचं, आरी तिरपी न जाता सरळ कशी जाते, रापीला धार लावताना कोन का बदलू द्यायचा नाही, हे मी सातवी-आठवीत त्यांच्या शेजारी बसून शिकलो. इंजिनीअर झाल्यावर कित्येक वर्षं हे कुणाला सांगत नसे. कॉलेजात वडिलांचा धंदा विचारला की 'व्यवसाय' एवढंच म्हणायचो. ते स्टूल माझ्याकडे सरकलं तेव्हा वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. टाका ओढताना दोरा हाताभोवती गुंडाळून दोन्ही कोपरं बाहेर फेकायची त्यांची लकब होती. चौथ्या टाक्याला लक्षात आलं, माझीही तीच आहे.

तर टाका. इंचाला सात-आठ, मेण लावलेला तागाचा दोरा, आणि टाका दोन सुयांचाच. मशीनचा टाका एका ठिकाणी तुटला की उसवत जातो, दोन सुयांचा तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. पिशवी उलटी शिवून मग सुलटी करायची, म्हणजे शिवण आत जाते आणि फांद्यांना घासत नाही. शिवणीत दोन कातड्यांच्या मधे बोटाच्या नखाएवढी अरुंद पट्टी घाला. तिने टाके झाकले जातात आणि शिवण फुगीर, भक्कम होते. सुलटी करताना चामडं कोमट पाण्यात भिजवून घ्या, नाहीतर कोपऱ्यात तडा जाईल. माझ्या दुसऱ्या पिशवीचा गेला होता.

आत अस्तर लावा, आणि ते फिक्या रंगाचं. चिंध्यांसाठी मी जे उशीच्या खोळीचं पट्टेवालं जाड सुती कापड वापरतो त्याचंच अस्तर असतं. फिक्या कापडावर शिशाची गोळी दिसते, आणि हंगाम संपला की अस्तर बाहेर काढून झटकता येतं. चामड्याच्या नुसत्या तळात काय काय साचतं ते पाहिलं तर जेवण जाणार नाही.

झाकण तोंडावरून पिशवीच्या दोन तृतीयांश खाली यावं, त्याच्या वजनानेच ते बंद राहतं. बटण नको, लोहचुंबक नको, आणि ती चरचर आवाज करणारी चिकटपट्टी तर नकोच नको. ती उघडली की अख्ख्या रानाला बातमी जाते. फार वाटलं तर शिंगाचं बटण आणि वादीचा फासा. झालरीबद्दल एवढंच सांगतो, की ती काट्यांत अडकते. कुणाला आवडत असेल तर जरूर लावावी, पण काट्यांची तक्रार मग माझ्याकडे आणू नये.

आत काय ठेवतो ते विचाराल तर: तेल-मेण लावलेल्या चिंध्यांची चपटी डबी, दहा गोळ्या, दोन जादा चकमकी त्यांच्या चामड्याच्या गुंडाळीसकट, चकमक घट्ट करायची पट्टी, गजाला लावायचं चिंधी काढणारं पेच, आणि कोरड्या सुती चिंध्या. शेवटच्या दोन गोष्टी विसरू नका. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर वायू न होता घन रूपात उरतो, त्यातला काही धुरातून उडून जातो आणि बाकीचा घट्ट काजळी होऊन नळीत चिकटतो. चार-पाच बारांनंतर पुसलं नाही तर गोळी अर्ध्यात अडकते. तीच काजळी हवेतलं पाणी ओढते, म्हणून पिशवीतल्या लोखंडी वस्तूंनाही गंज चढतो. संध्याकाळी बंदुकीबरोबर त्याही पुसाव्यात. कान साफ करायची टाचणी आणि वाटी झाडायचा छोटा ब्रश पट्ट्याच्या पुढच्या बाजूला, छातीवर बांधलेले असतात. ते शोधायची वेळ आली म्हणजे बार लागलेला नसतो, तेव्हा पिशवीत बुडी मारायला वेळ नसतो.

विकत घ्यायचीच असेल तरी हरकत नाही, चांगल्या पिशव्या शिवणारे लोक इथे आहेत. फक्त आरशासमोर पाहून घेऊ नका. दुकानात कोट घालून जा, पिशवी अंगावर चढवा, डोळे मिटा आणि हात आत घाला. मनगटापर्यंत सहज गेला, बोटं तळाला टेकली आणि कमरेत वाकावं लागलं नाही, तर दिसायला कशीही असो, घ्या.

शेवटी एक दुरुस्ती, जमली तर पुढच्या अंकात छापा. फोटोतल्या माणसाने बंदूक उजव्या खांद्याला लावली आहे आणि पिशवी डाव्या कमरेला. उजव्या हाताच्या माणसाची पिशवी उजवीकडे असते, पट्टा डाव्या खांद्यावरून तिरपा. आधी वाटलं फोटो उलटा छापला गेला असेल. पण भिंग लावून पाहिलं. घोडा आणि चकमक नळीच्या उजव्या बाजूलाच आहेत. फोटो सुलटा आहे, पिशवीच चुकीच्या बाजूला आहे.

आपला,
एक जुना वाचक
लँकेस्टर काउंटी, पेनसिल्व्हेनिया